गिरिजाक्कांचा स्वर्ग

गिरिजाक्का गेल्याचं त्यांच्या सुनेनं, राजश्रीनं, सकाळी माझ्या दारात येऊन सांगितलं. दुपारपर्यंत शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाला फलक लागला. त्यावर ‘स्वर्गवासी’ छापून आलं होतं. त्यांच्या मुलानं तो उतरवला आणि ‘शिवैक्य’ लिहिलेला नवा करून आणला. मला म्हणाला, “आम्हा लिंगायतांत माणूस शिवात मिळतंय, काकू. स्वर्गात ऱ्हायला जात न्हाय.”

खरंच होतं ते. पण अक्कांच्या तोंडी मात्र दिवसभर स्वर्गच असायचा... त्या मूळच्या शिरोळच्या. पुरात घर पडलं तेव्हा मुलाकडं, आमच्या समोरच्या घरात आल्या. त्या संध्याकाळी मी गरम भाकरी आणि आमटी नेऊन दिली. पहिला घास घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “स्वर्ग हाय बघ.” पुढं उन्हात वाळलेलं अंथरूणही स्वर्ग, पाय पसरून टेकायला मिळालेली भिंतही स्वर्ग. मला ती बोलायची लकब वाटायची. कितीतरी दिवस ओल्या अंगानं काढलेल्या बाईला कोरडं अंथरूण म्हणजे काय असतं, हे फार उशिरा लक्षात आलं.

गेल्या वर्षी माझे यजमान गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “सुटले बिचारे, स्वर्गात सुखी असतील.” मी मान हलवायची. रडू काही येत नव्हतं. अक्का आल्या, शेजारी बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “त्यास्नी हितंच बरं वाटत हुतं की गं, शोभा.” तेव्हा मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले. स्वर्ग हा शब्द त्यांनी जिवंत माणसांसाठीच ठेवला होता. गेलेल्याच्या नावानं तो वापरून माझी समजूत काढणं त्यांना जमलं नसतं.

परवा राजश्रीनं चहाला बोलावलं. खिडकीजवळ अक्कांची वेताची खुर्ची तशीच होती. मी बाजूला बसायला लागले, तर ती म्हणाली, “तितंच बसा की, काकू. अजून कोण बसलं न्हाय.” बसले. त्या खुर्चीतून ना गल्लीचं तोंड दिसत होतं, ना रस्ता. समोर फक्त माझं दार.

“काका गेल्यापास्नं रोज पहाटे हितं बसायच्या,” राजश्री म्हणाली. “तुमचं दार उघडलं की मगच चहा मागायच्या.”