सोलापुरात पाहिलेली दोन घरं

पुण्याहून सकाळच्या गाडीने सोलापूरला उतरले, तेव्हाच ऊन चटकत होतं. इथल्या एका महाविद्यालयाने आहारशास्त्राचा अभ्यासक्रम बदलायचं ठरवलं होतं. विद्यार्थ्यांनी पुस्तकाबरोबर घराघरांत जाऊन शिकायचं, अशी कल्पना. तो नवा अभ्यासक्रम मंजूर करावा की नाही, हे सांगायला मला बोलावलं होतं. असल्या कल्पना कागदावर छानच दिसतात, म्हणून मी सावधच होते.

विभागप्रमुख बिराजदार मॅडमनी कडक भाकरी (वाळवून पापडासारखी केलेली ज्वारीची भाकरी), शेंगाचटणी, दही असं जेवण वाढलं. आग्रह इतका, की माझा संशय वाढला.

दुपारी त्यांनी यंत्रमागवाल्यांच्या वस्तीत एका मधुमेही बाईंकडे नेलं. सोबत प्रज्ञा, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी.

"आधी भात लई खात होते," बाई म्हणाल्या. "आता पालेभाजी, कडधान्य, सॅलड." सॅलड म्हणताना त्यांनी प्रज्ञाकडे पाहिलं.

"आज काय केलंत?"

त्यांची नजर चुलीकडे गेली. चुलीशेजारी भाताचं मोठं पातेलं झाकलेलं होतं.

बाहेर मॅडम फोनवर बोलत होत्या. मी प्रज्ञाला हळूच विचारलं, "हे ठरवून होतं ना?"

"व्हय मॅडम. ही मैत्रिणीची आई. मला दिलेलं घर पलीकडं हाय. तितं परत येऊ नको म्हणलेत."

"तिकडेच चल."

त्या पलीकडच्या घरच्या लक्ष्मीअक्का दारातच उभ्या राहिल्या. घरात तेलुगू बोलणाऱ्या, पण आमच्याशी मराठीत म्हणाल्या, "ही आली आन् म्हणली, भात सोडा. सासूबाईंनी दोन दिवस ताटच लोटलं. कोण जबाबदार?"

प्रज्ञा खाली बघत म्हणाली, "चुकलं अक्का. घरात कोण काय खातं, ते मी विचारलंच न्हाय."

अक्कांनी तिला निरखून पाहिलं. मग दारातून बाजूला झाल्या. "मग आता विचार की."

प्रज्ञा सासूबाईंजवळ जमिनीवर बसली. सल्ला एकही दिला नाही, नुसतं ऐकत राहिली.

मॅडमना हे सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "पाहुण्यांना फसलेलं घर कसं दाखवायचं?"

"फसलेल्या भेटीलाही गुण द्यायचे. या अटीवर माझी मंजुरी."

त्यांनी लगेच मान डोलावली. फारच लगेच.

परतीच्या गाडीत ते मान डोलावणं मनातून जाईना. आहार शिकवायचा तर आधी समोरच्याचं ताट समजून घ्यायला हवं, हे प्रज्ञाला कळलं होतं. महाविद्यालयाला कळलं की नाही, सांगता येत नाही. पुढच्या वर्षी मी न कळवता जाणार आहे, आणि थेट अक्कांकडे.