बादलीवरची फुली

परवा संध्याकाळी नात कामावरून आली, पिशवीतून कारखान्यात अंगावर चढवायचा पांढरा सूट काढला आणि सरळ धुण्याच्या बादलीत टाकला. माझ्या मुलाची मुलगी ती, केमिस्ट आहे, बिरवाडीकडच्या एका कारखान्यात. म्हणते, "एकदाच घातलाय आजी... धुतला की उद्या परत चालेल."

मी तो बादलीतून उचलला, शिवणाची कात्री घेतली आणि मधोमध कापला. ती किंचाळली. मग तिला जे सांगितलं तेच इथेही सांगते. मी तिसरी नापास, हे सगळं फोनला बोलून लिहिते आहे... चुकलं तर फोनला बोला.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला. लग्न होऊन इकडे आले तेव्हा भाताच्या खाचरांना लागून कारखाने उभे राहत होते. त्यातल्याच एकात आमचे हे लागले, ॲसिडच्या टाक्यांवर. नाव सांगत नाही, तो कारखाना आता बंदही झाला.

तिथे खोक्यांतून पांढरे सूट यायचे. डोक्याच्या टोपीपासून पायापर्यंत एकच, पुढे चेन, कागदासारखा कुरकुरणारा कपडा. एकदा घालून फेकून द्यायचा... पण हे आम्हाला कोण सांगणार? खोकी संपत आली तशी साहेबाने ते धुवायला दोन बायका ठेवल्या. एक मी, दुसरी शेजारची सुलभा.

मी मन लावून धुतले. सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायचे, दगडावर घालून धोपाटण्याने बडवायचे, पिवळा डाग म्हणून ठेवायचा नाही. प्रत्येक सूटला मानेपाशी आतून एक पट्टी होती, तिच्यावर बादलीचं चित्र आणि चित्रावर फुली. परीट कपड्यावर खूण करतो ना, तसंच वाटलं मला... हा धुण्यातला कपडा, म्हणून बादली. सुलभाला म्हटलंसुद्धा, "बघ गो, परदेशात पण आपल्यासारखीच पद्धत हाय."

हसू नका. दोन पावसाळे आम्ही तसेच धुतले.

मग एक दिवस हे घरी आले ते उजवा हात वर धरून. कोपराच्या आतल्या बाजूचं पुरीएवढं कातडं ॲसिडने गेलेलं. मी विचारलं, सूट घातला नव्हता का? म्हणाले, "घातला होता गो. तुझ्याच हातचा धुतलेला."

साधंच बोलले, टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि दोरीवरचा एक सूट काढून उन्हाकडे धरला. लावणीच्या आधी आमची आई घरातलं प्रत्येक इरलं असंच उन्हाकडे धरून बघायची. पानांतून उजेडाचा ठिपका दिसला की तिथून पाऊस पाठीत शिरणार... मग तेवढी पानं बदलायची. त्या सूटच्या कोपरांची आणि शिवणींची तर चाळण झाली होती. दुसरा धरला, तिसरा धरला... सगळ्यांची तीच गत. माझ्याच धोपाटण्याची करामत.

तसाच एक सूट घेऊन साहेबाच्या खोलीत गेले. बाहीच्या टोकाला गाठ मारली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. टेबलावर थेंब पडायला लागले तसा साहेब ओरडला, "ए बाई, कागद भिजतायत!"

म्हटलं, "कागद सुकतील साहेब. माझ्या नवऱ्याचं कातडं कुठं वाळत घालू?"

तिथे एक केमिस्ट बसला होता, त्याने मानेची पट्टी उलटून वाचली. म्हणाला, "सर, यावर तर धुवू नका असं लिहिलंय... बादलीवर फुली म्हणजे धुण्याला मनाई." दोन वर्षं ती फुली मलाच नको म्हणत होती... आणि मी तिच्यावरच धोपाटणं चालवत होते.

मग साहेबाकडे वळले. "मला इंग्रजी येत नाय साहेब. तुम्हाला येतं ना? मग मला धुवायला बसवलं कोणी?"

दुपारी टाक्यांवरच्या माणसांना मी एकेक सूट उन्हाकडे धरून दाखवला. त्यानंतर कोणी आत गेलं नाही... नवी खोकी येईपर्यंत सगळे बाहेर झाडाखाली बसून राहिले. आठवड्यात खोकी आली.

धुण्याचं काम अर्थातच गेलं, माझंही आणि सुलभाचंही. "तुझ्या जिभेपायी माझी चूल बंद झाली," म्हणाली, आणि खोटं नव्हती बोलत. होळीपर्यंत अबोला होता... मग पुरणपोळी घेऊन तीच आली.

ह्यांनी पुढे निवृत्त होईपर्यंत टाक्यांवरच नोकरी काढली, अंगावर दुसरा डाग पडला नाही. आता घरी बसून चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडतात.

परवा नात त्या कापलेल्या तुकड्यांवरून कुरकुरत होती, तेव्हा ह्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि कोपर तिच्यापुढे धरलं. तिने तुकडा उचलून मानेची पट्टी बघितली आणि हळूच म्हणाली, "मी हे बघितलंच नव्हतं गं आजी."

म्हटलं, मी बघितलं होतं बाई... कोणाला विचारलं नव्हतं.