बंद स्कूटरची पावती

सोजरबाईंना सहसा कशाचा धक्का बसत नसे. नवरा गेला, मुलगी सासरी गेली, कात्रजचा डोंगर इमारतींनी गिळला, तरी पदर खोचून त्या कर्वेनगरला भाग्यश्रीताईंच्या मेसमध्ये दोन्ही वेळच्या पोळ्या लाटत राहिल्या. पण त्या दिवशी बसमध्ये जे कळलं, त्याने त्यांचं डोकंच चक्रावलं.

कात्रजला बसथांब्याजवळ नवा वाहनतळ झाला होता. गाडी तिथे लावा, पुढे बसने जा, शहरातली गर्दी कमी करा, अशी योजना. वाहनतळाची पावती दाखवली की दिवसभर बस फुकट, आणि ती पावती सोजरबाईंच्या एका खेपेच्या तिकिटाहून स्वस्त. बाईंच्या तर रोज दोन फेऱ्या. त्यात भाडं नुकतंच वाढलेलं. संध्याकाळच्या पोळ्यांची कमाई निम्मी बसच खात होती.

"म्हंजी मोटारवाल्या सायबाला फुकट अन् मला पैसं?" शेजारी किल्ली फिरवत बसलेल्या गृहस्थांकडे बघत त्यांनी विचारलं.

"आपली गाडी असेल तर आपणही आणा की," कंडक्टर म्हणाला. पुण्यात चौकशी केली की उत्तरासोबत टोमणा मिळतो, त्याला मात्र तिकीट नसतं.

सोजरबाईंनी तो टोमणा सल्ला समजून घेतला. नवऱ्याची स्कूटर घरामागे पडून होती. इंजिन गेलेलं, पण चाकं फिरत होती. त्यांनी हवा भरून आणली आणि सकाळी उतारावरून ढकलत स्कूटर वाहनतळावर नेली. रखवालदार दत्तोबा बघतच राहिला.

"बाई, ही चालू व्हत न्हाई का?"

"चालूच पायजे, असं पाटीवर लिवलंय का?"

दत्तोबाने पाटी पुन्हा वाचली आणि निमूटपणे पावती फाडली. रात्री गाडी ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे परतताना ते धूड चढावर रेटताना बाईंचा जीव जाई. पण संध्याकाळचं काम टिकलं होतं. तेवढ्यासाठी त्या महिनाभर घाम गाळत राहिल्या.

मग एके दिवशी योजनेचे साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. एकही दिवस न चुकता गाडी लावणाऱ्या आदर्श नागरिक म्हणून सोजरबाईंचं नाव निघालं होतं. हातात गुलाब आला, तोंडापुढे माइक.

"मावशी, आधी स्कूटरने जात होता, आता बसने जाता. कसं वाटतं?"

खोटं बोलायची बाईंना सवय नव्हती. "मी पयल्यापास्नं बसनंच जाती. ही बंद हाय. निस्ती पावतीपुरती आणती."

साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते खरोखरच गोंधळले. "अहो, मग तुम्ही बसने गेल्यामुळे रस्त्यावरची गाडी कुठे कमी झाली? तुम्हाला सवलत देऊन आम्हाला काय उपयोग?"

सोजरबाई सुन्न झाल्या. उभ्या जन्मात त्यांनी या शहरात धूर सोडला नव्हता की कुणाचा रस्ता अडवला नव्हता. आणि नेमकं तेच आता त्यांच्या अंगाशी आलं होतं. आधी गर्दी केली असती, तर ती थांबवल्याबद्दल बक्षीस मिळालं असतं. हा कुठला न्याय, हे त्यांना कळेना. खरं सांगायचं तर कुणालाच कळू नये असाच तो होता.

दुसऱ्या दिवसापासून पावती बंद झाली. सोजरबाईंनी भाग्यश्रीताईंना फोन लावला.

"ताई, सांच्याच्या चपात्यांना दुसरी बाई बघा."

"का हो, तब्येत बरी नाही का?"

"तब्येत धड हाय. बस परवडत न्हाई."

ताई अगदी मायेने म्हणाल्या, "अहो मावशी, तुमच्या कात्रजला ती योजना आहे ना? हप्त्यावर एखादी गाडी घेऊन टाका, बस फुकट पडेल."

सोजरबाईंनी फोन ठेवला.