सलीममामांचं कॅप्लन

बंद मशीनपाशी रोज आठ-आठ तास बसलं की वीज होत नाही, किस्से होतात. शिरूरकडच्या एका कालव्यावरच्या छोट्या पॉवरहाऊसमध्ये मी ऑपरेटर होतो. पाणी आवर्तनापुरतं, म्हणजे शेतीसाठी कालव्यात सोडतील तेवढेच दिवस. बाकी वर्षभर माशा मारायच्या!

सलीममामा आमचे फिटर, गाव मांडवगण फराटा. टर्बाइनची झिजलेली पाती त्यांनी वर्षभर खपून दुरुस्त केली, आणि रिटायरमेंट तोंडावर आली. "जायच्या आदी येकदा फिरताना बघायचंय, बस," एवढंच म्हणायचे.

*

नवे साहेब आले. "इथे पेल्टन टर्बाइन का नाही बसवलं?"

मामा म्हणाले, "सायेब, पेल्टनला डोंगरावरनं येनारं पानी लागतं. फ्रान्सिसला त्यापरीस कमी उंची चालती. आपलं पानी पडतं चार मीटर, म्हनून कॅप्लन. त्याला उंची नको, पानी बक्कळ पायजे."

"मग पाणी कुठंय?"

"त्येच तुमाला इचारनार हुतो!"

*

मशीन बंद असलं तरी लॉगशीटवर दर तासाला शून्य लिहायचं. एकदा कंटाळून मी आठही शून्यं सकाळीच लिहिली. मेमो आला: "दुपारचं उत्पादन सकाळीच कसं कळलं?"

मी उत्तर दिलं, "बारा वर्षांच्या अनुभवावरून."

*

मग आवर्तन सुटलं, तर टर्बाइनकडे पाणी घेणाऱ्या जाळीला ही जलपर्णी! आम्ही सगळे चार दिवस ती ओढत होतो. जाळी साफ झाली आणि त्याच दिवशी आवर्तन संपलं. मामा हात धुऊन घरी गेले.

*

मामांच्या शेवटच्या दिवशी पुन्हा पाणी आलं. मामी मुद्दाम बघायला आल्या. सगळं तयार! पण आमच्या जनरेटरला सुरू व्हायला बाहेरच्या लाइनची वीज लागते, आणि लाइनवर सहापर्यंत लोडशेडिंग. मामांची ड्युटी पावणेसहाला संपली. हार-नारळ झाला. मला फार वाईट वाटलं.

सहाला लाइट आली. साहेब म्हणाले, "मामा, बटण तुम्हीच दाबा."

मामा उठून गेटवर गेले. व्हिजिटर रजिस्टरात स्वतःचं आणि मामींचं नाव लिहिलं. येण्याचं कारण: 'टर्बाइन बघणे.'

परत येऊन मशीनभोवतीच्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर मामींशेजारी उभे राहिले.

"भायेरच्या मान्साला मशीनला हात लावायची मनाई हाय, सायेब. तुमी दाबा. आमी दोघं बघतो."