काकांचं परतीचं तिकीट

माझ्या चुलत बहिणीला, म्हणजे काकांच्या एकुलत्या एक मुलीला, मलेशियात आठवा महिना लागला आणि आमच्या घरात एकच विषय सुरू झाला: बाळंतपणाला जाणार कोण? काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. ताईच्या सासूबाई गुडघ्यांनी अडलेल्या. माझी आई तर विमानाचं नाव काढलं तरी हात जोडायची. एका रविवारी काका आमच्याकडे आले, चहा प्यायले आणि कप खाली ठेवत म्हणाले, "मी करतो बाळंतपण."

आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत.

काकांनी सातिवलीतल्या एका गाळ्यात तीस वर्षं मशीनवर बाटल्यांची झाकणं पाडली. रिटायर झाल्यावर विरारच्या त्यांच्या वन-रूम-किचनमध्ये ते आणि टीव्ही असे दोघंच. असा माणूस दुसऱ्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या मावशींकडे शिकायला गेला. मावशी इथल्याच, आगाशीकडच्या. अर्ध्या विरारच्या पोरांना त्यांनी पायांवर घेऊन आंघोळ घातलीय, त्यात मीपण आहे. सरावाला बाळ कुठून आणणार? म्हणून दुधी भोपळा. काका खाली पाय पसरून बसायचे, पायांवर टॉवेलात गुंडाळलेला दुधी, आणि मावशी समोरून ओरडायच्या, "मान धर, मान. आनि पानी आधी आपल्या हातावर घेऊन बघ." मी दारात उभा राहून दुधीचं रडणं काढायचो. मावशी मला चप्पल दाखवायच्या. काका मात्र माझं रडणं ऐकून खरंच दुधीची मान नीट धरायचे.

नकला करणं हा माझा लहानपणापासूनचा धंदा. शाळेत अभ्यासाच्या नावाने बोंब होती, पण गॅदरिंगला माझ्याशिवाय पान हलायचं नाही. सोसायटीचा सेक्रेटरी, सायकलवरचा पाववाला, मराठीच्या बाई, सगळे माझ्या खिशात. त्यामुळे घरात मी फार हुशार आहे असा एक समज झालाय. तो मीच करून दिलाय. म्हणून काकांचं तिकीट काढायचं काम माझ्याकडे आलं.

मी जायचं तिकीट काढलं. यायचं नाही काढलं. बाळ कधी येणार हे बाळालाच माहीत, मग परतीची तारीख कशी ठरवायची? भारतातल्या माणसाला तिथे तीस दिवस व्हिसा लागत नाही, एवढं मी वाचलं होतं. त्याच्या खालची ओळ वाचली नव्हती.

निघायच्या आधीच्या आठवड्यात मी काकांची तालीम घेतली. आमच्या हॉलमध्ये शिलाई मशीनच्या मागे मी साहेब म्हणून बसलो, समोर काका पासपोर्ट घेऊन उभे. मलेशियाचा साहेब मी कधी पाहिला नव्हता, म्हणून आमच्याकडच्या एका कचेरीतल्या क्लार्कचा आवाज लावला.

"काय काम आहे?"

"मुलगी बाळंत होणार आहे, साहेब."

"मग तुम्ही काय करणार?"

"आंघोळ घालणार."

"कोणाला?"

"बाळाला. दोघांना लागेल ती मदत. मुलीला अळिवाची खीर करून देणार."

"राहणार कुठे?"

"मुलीच्या घरी."

"परत कधी जाणार?"

काकांनी जरा विचार केला. "साहेब, बाळाला विचारून सांगतो."

आई हसली, बाबा हसले, मी तर मशीनवर डोकं ठेवून हसलो आणि पासपोर्टवर मुठीने शिक्का मारला. आता आठवलं की वाटतं, घोळ तिथे झाला. नेमका प्रश्न मी विचारला होता. काकांकडे उत्तर नव्हतं, हेही सगळ्यांनी ऐकलं होतं. पण हशा आला, आणि हशा आला की मला उत्तर बरोबर आल्यासारखं वाटतं. माझी ती जुनी खोड आहे.

दुपारचं विमान होतं. सकाळी काकांची बॅग आमच्या बिल्डिंगखाली आली तेव्हा तिला अर्नाळ्याच्या सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, वास येत होता. तीन पिशव्यांत बांधून, मध्ये बाळाची दुपटी घालूनही येत होता. ते सोडे मी काढून घेतले. काका घोडबंदरपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

एअरपोर्टवर मला आत जाता येईना. तिकीट असेल त्यालाच आत सोडतात. काका दारावरच्या जवानाला पासपोर्ट दाखवून आत गेले, मी बाहेर काचेपाशी. आत बघायला गेलो की काका दिसायचे नाहीत, माझंच तोंड दिसायचं. दहा मिनिटांनी फोन आला.

"अरे, इथल्या मॅडम यायचं तिकीट मागतायत."

"नाहीये म्हणून सांगा. अजून ठरलं नाही म्हणावं."

"सांगितलं. त्या म्हणतात मग बसता येणार नाही."

"कुठे बसता येणार नाही?"

"विमानात रे मेल्या, आणखी कुठे?"

ताईला आठवड्यावर दिवस दिलेले होते. तिथे तिच्याजवळ नवरा सोडून कोणी नव्हतं, आणि तोही शिफ्टच्या नोकरीवाला. काकांना आज विमानात बसवता आलं नाही तर ते माझ्यामुळे. मी काकांना फोन स्पीकरवर टाकायला सांगितला.

काउंटरवरची मुलगी मराठी निघाली. म्हणाली, "दादा, तिथे उतरणाऱ्या पॅसेंजरकडे तिथून बाहेर जायचं तिकीट लागतं. तुम्ही यांचा तिथे शिरायचा जो ऑनलाइन फॉर्म भरलाय त्यात तिथून निघायची तारीख टाकलीय. मग त्या तारखेचं तिकीट कुठाय?"

ती तारीख मी अंदाजे ठोकली होती. रकाना रिकामा सोडू देत नव्हते म्हणून.

आता शहाण्या माणसाने चूक कबूल केली असती. मी गळा साफ केला आणि ट्रॅव्हल कंपनीच्या मॅनेजरचा आवाज लावला, जाड, एसीत बसलेला. "हॅलो मॅडम, मैं ट्रॅव्हल डेस्क से सीनियर मॅनेजर बोल रहा हूँ. पॅसेंजर का रिटर्न प्रोसेस में है, आप बोर्डिंग दे दीजिए—"

मध्येच काकांचा आवाज. "अरे, असा काय बोलतोस? घसा बसला का?" आणि मग तिला, अगदी कौतुकाने, "पुतण्या आहे माझा, मॅडम. नकला करतो. चांगल्या करतो."

ती म्हणाली, "दादा, नक्कल मस्त होती. आता तिकीट काढा. चाळीस मिनिटांत काउंटर बंद होईल."

काचेत माझं तोंड लाल झालेलं मला दिसलं.

काकांना मात्र अजून वाटत होतं की त्यांच्याकडे पुरावा आहे. पाकिटाची चेन उघडल्याचा आवाज आला. "मॅडम, हे बघा. पुढच्या महिन्याचं, गणपतीचं तिकीट. संगमेश्वर. कन्फर्म. आता हे हातात असताना कोकणातला माणूस तिकडे राहील का? तुम्हीच सांगा."

ती खरंच थांबली. तिने तो कागद हातात घेतला असणार, कारण तिचा आवाज बदलला. "तुम्हाला कन्फर्म मिळालं? आमचं अजून वेटिंगला आहे."

"कुठलं?"

"सावंतवाडी."

"पुतण्याने काढलं. बुकिंग उघडायच्या आधी दोन मोबाइल घेऊन बसला होता."

"काका, मला पटतंय," ती म्हणाली. "तुम्ही येणार हे मला पटतंय. पण तिथल्या साहेबाला हे कसं कळणार? त्यांनी तुम्हाला परत पाठवलं तर आम्हालाच आणावं लागतं. आणि घरी यायचंच तिकीट हवं असंही नाही. तिथून कुठल्याही देशात जाणारं चालतं. फक्त तीस दिवसांत तिथून बाहेर पडायचं."

"म्हणजे मी घरी पोचलो की नाही, त्याचं त्यांना काही नाही."

"नाही."

"फक्त त्यांच्याकडे नको."

"हो, काका. तसंच आहे ते."

मला तिचा राग येत होता, पण टिकेना. काका विमानात बसले नसते तर तिला काय फरक पडला असता? तरी ती रांग थांबवून आमच्यासाठी उभी होती. आणि परत कधी जाणार, हा प्रश्न आमच्या घरात कधी विचारला जात नाही, असं थोडंच आहे? आमची पाच माणसं दोन खोल्यांत राहतात. गावाहून कोणी आलं की आई पाणी देते, चहा ठेवते आणि अगदी सहज विचारते, "रिझर्वेशन झालं का हो जाण्याचं? हल्ली मिळत नाही." पाहुण्याला वाटतं, काय ही काळजी. आम्हाला माहीत असतं की आई गाद्या मोजतेय. तारीख कळली की तिचा चेहरा मोकळा होतो आणि मग ती खरंच मनापासून कोंबडी करते. तारीख कळली नाही तर वरणभात. देशाचं काय वेगळं असणार? फक्त तो चहाच्या आधी विचारतो.

मी तिथेच फूटपाथवर बसून मोबाइलवर तिकीट काढायला घेतलं. ॲप तारीख मागत होतं.

"काका, एकोणतिसाव्या दिवसाचं काढतो."

"एवढं काठावर नको. बरं दिसत नाही. पंचविसाव्याचं काढ."

"अहो, बाळ लांबलं तर?"

"तरी पंधरा दिवस मिळतील."

"बरं, हे नंतर बदलता येतं. कॅन्सलपण होतं. एकदा आत पोचलात की बघू."

"म्हणजे हे खोटं तिकीट?"

"खरं आहे हो. फक्त बदलता येतं."

काकांनी त्या मुलीला विचारलं, "मॅडम, मी हे मागनं बदललं तर तुम्हाला काही होईल का?"

"मला काय होणार? तुम्ही सुखरूप जा. आणि मुलीला सांभाळा."

बोर्डिंग पास मिळाल्याचं काकांनी सांगितलं तेव्हा माझी पँट मागून ओली झाली होती, एवढा घाम. त्यांनी फोन ठेवताना विचारलं, "सोडे परत नेणार ना? उन्हात ठेवू नको."

दुसऱ्या दिवशी ताईचा मेसेज आला. तिथल्या साहेबाने पासपोर्ट बघितला, अंगठे घेतले आणि शिक्का मारला. तिकीट मागितलंच नाही. काकांनी आपणहून मोबाइल पुढे केला, "बघा तरी" असं मराठीत म्हणाले. त्याने हाताने पुढे जा अशी खूण केली. काकांना ते लागलं. एवढ्या खटपटीचं तिकीट, बघायला नको?

मग बाळ लांबलं. दिलेली तारीख गेली, आणखी चार दिवस गेले, आठ गेले. काका रोज व्हिडिओ कॉलवर मावशींना विचारायचे आणि मावशी रोज सांगायच्या, "येईल रे, त्याला काय ऑफिसला जायचंय?" काकांच्या सतराव्या दिवशी मुलगी झाली. पंचविसाव्या दिवशीचं विमान. म्हणजे हातात आठ दिवस.

त्या आठ दिवसांत काकांनी काय केलं ते मी फोनवरच बघितलं. नळाचं गरम पाणी त्यांना पटायचं नाही, पातेल्यात तापवून घ्यायचे, आधी हातावर बघायचे. बाळाची मान अशी धरायचे की मावशी इथून म्हणाल्या, "आता मला काय बोलायला नाय ठेवलं ह्याने." ताई सोफ्यावर झोपलेली दिसायची, तोंड उघडं टाकून, शाळेत असताना झोपायची तशी.

तेविसाव्या दिवशी ताईने मला फोन केला. आवाज बारीक. "ऐक ना, बाबांचं तिकीट पुढे ढकल. अजून चार-पाच दिवस हक्काचे आहेत. बदलता येतं असं तूच म्हणालास ना?"

येत होतं. मी ॲप उघडून बसलोसुद्धा. तेवढ्यात तिच्या मागून काकांचा आवाज आला, "काही बदलायचं नाही. जे काढलंय ते काढलंय." ताई रडायला लागली. मी काकांच्या जावयाचा आवाज काढून वातावरण हलकं करायला गेलो, कोणी हसलं नाही. मीच फोन ठेवला.

काका ठरल्या दिवशी आले. मी गाडी घेऊन गेलो होतो, पण मनातून चिडलेलो. खाडीपुलाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा बोललोच. "चार दिवस राहिला असतात तर काय बिघडलं असतं? कायदेशीर होतं. त्या काउंटरवाल्या मुलीला तुमचं नावपण आठवत नसेल."

काका खिडकीतून खाली खाडीकडे बघत होते. शर्टाला बाळाच्या तेलाचा वास येत होता.

"त्या पोरीसाठी नव्हे रे," ते म्हणाले. "चौथ्या दिवसापासून मला इथलं काही आठवेना. विरारच्या खोलीची किल्ली कुठे ठेवलीय तेपण आठवेना. लेकीच्या किचनमध्ये डबे कुठे काय ते सगळं पाठ. मी जावयाला विचारणार होतो, जास्त राहायचं असेल तर काय कागद करावे लागतात. विचारलं नाही. पण तोंडापर्यंत आलं होतं. चार दिवस राहिलो असतो तर विचारलं असतं. त्यांच्या घरात तीन माणसांची जागा आहे. ती नाही म्हणाली नसती. तेच नको होतं."

पुढची गाडी सरकली. मी क्लच सोडला.

"आम्ही तर तुमच्याबद्दल कुणालाही लिहून दिलं असतं, काका," मी म्हटलं. "की हा माणूस परत येणार म्हणजे येणार."

"देऊ नको," काका म्हणाले.