हेडफोन, माइक, स्पीकर आणि क्रमपाठ

माझी विद्यार्थिनी चिंताकी गावची. बौद्ध शेतकरी कुटुंबातली, गावच्या शाळेत शिकवणारी, आणि पस्तिशी ओलांडल्यावर संस्कृतची पदव्युत्तर परीक्षा देणारी. सोमवारी तिची तोंडी परीक्षा होती. तीत एक दीर्घ सूक्त स्वरांसह, कुठेही न अडखळता म्हणायचे होते. आणि शनिवार उजाडला तरी मी ते तिच्याकडून एकदाही सलग ऐकले नव्हते. यात तिचा दोष नव्हता. आमचा पाठ संगणकावरून चाले, आणि पाचसहा ऋचा होतात न होतात तोच माझ्या संगणकाचा पडदा निळा पडे आणि तो स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होई. मग मोबाइल वाजे.

"गुरुजी, तुमी पुन्ना गेलाव."

"गेलो खरा. येतोच आहे."

"सोमवारी परीक्षक बी असेच गेले तर बरं होईल."

बिदरच्या आमच्या घरी त्या संगणकाला तीन वस्तू जोडलेल्या होत्या. एका कानाने मला कमी ऐकू येते म्हणून हेडफोन. मुलाने नुकताच हौसेने पाठवलेला माइक. आणि लांब वायरीचा एक स्पीकर, जो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवलेला असे. पाठ कानावर पडावा ही पत्नीची इच्छा. म्हणून दुकानदाराने आवाज दोन्हीकडे जाईल अशी सोय करून दिली होती. त्याला फोन केला, तर तो लग्नासाठी कमलनगरला गेलेला.

मी देवापुढे क्षणभर हात जोडून बसलो. तेव्हा पाठशाळेचे दिवस आठवले. संहिता, म्हणजे सलग ऋचा, म्हणताना कोणी अडखळला, की आमचे गुरुजी रागावत नसत. आधी एकेक पद सुटे म्हणवून घेत. मग क्रमाने दोन-दोन पदे जोडून, पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे. चूक जिथे लपलेली असेल तिथे आपोआप उघडी पडे. तोच मार्ग धरावा असे मी ठरवले.

प्रथम पदपाठ. एका वेळी एकच वस्तू जोडून अर्धा-अर्धा तास संगणक चालवला. तिन्ही निर्दोष. मग क्रमपाठ. हेडफोन आणि माइक यांचे उत्तम जुळले. माइक आणि स्पीकर जोडताच मात्र पडदा निळा. खात्रीसाठी पुन्हा जोडले, पुन्हा निळा. मला इतका आनंद झाला, की पत्नीला हाक मारून तो निळा पडदा दाखवला.

ती म्हणाली, "बंद पडलेलं दाखवायला बोलावलंत होय? काढा मग माझा स्पीकर. परीक्षा तिची आहे, माझी थोडीच."

ती हसून बोलली, पण हातातली मेथी निवडायची थांबली होती. मी मोबाइलवर विद्यार्थिनीला निदान सांगितले.

"अक्कांचा स्पीकर कामून काढायलाव? माइक काढा की. हेडफोनला माइक असतोय."

"माझ्या हेडफोनला नाही."

"गालाजवळ दांडी न्हाई का?"

"दांडी आहे. गालाला टोचते, म्हणून मी ती डोक्यावर वळवून ठेवतो."

पलीकडे ती इतकी हसली, की पत्नीलाही मोबाइलशिवाय ऐकू गेले.

"तोंडाम्होरं घ्या गुरुजी, आन् बोला."

मुलाचा माइक काढून ठेवला. पत्नीने दांडी माझ्या ओठांसमोर वळवली, संगणकाला कोणता माइक वापरायचा ते विद्यार्थिनीने सांगितल्याप्रमाणे दाखवून दिले, आणि ती स्वयंपाकघरात परतल्यावर पाठ सुरू झाला. पाचवी ऋचा गेली, सहावी गेली. पडदा स्थिर. माझे लक्ष आता केवळ स्वरांकडे लागले. शेवटून तिसऱ्या ऋचेला ती अडली. विद्यार्थ्याला आठवायला अवधी द्यावा, लगेच सांगू नये, हा माझा नियम. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ते पद आले, अचूक स्वरासह. कधीही पाठाला न बसलेली माझी पत्नी ते म्हणाली होती.

विद्यार्थिनीने ते पद उचलले आणि सूक्त पूर्ण केले. मी प्रसन्न होऊन काही बोलणार, इतक्यात पत्नी दारात येऊन हेडफोनच्या दांडीकडे वाकली.

"बाई गं, सोमवारी मी तिथं येणार नाही. इथं मेथी निवडत असेन."

"व्हय अक्का," पलीकडून उत्तर आले. "पुन्ना म्हणते. आता तुमी मेथीच निवडा."

तिने पहिल्या ऋचेपासून सुरुवात केली. या वेळी ती कुठेही थांबली नाही, आणि संगणकही.