शशीचे ओटे

सहार विमानतळावर शशीचे आणि माझे आई-वडील एकाच कठड्याला टेकून उभे होते. आई मला म्हणाली, "शशीला सांभाळ रे, तो भोळा आहे." चौऱ्याण्णव साल. इचलकरंजीचे दोन ड्राफ्ट्समन दुबईला निघालेले. मला तेव्हाही वाटलं, मला सांभाळायला कुणी कुणाला का सांगत नाही?

दुबईतल्या करामा भागात आम्ही एकाच खोलीत राहायचो. ऑफिसातला साहेब, ग्रॅहम, इंग्रज. गावंच्या गावं आखलेला म्हातारा आर्किटेक्ट. आधी सावली काढा, मग घर, हे त्याचं पालुपद. एका वसाहतीचं काम आलं तेव्हा त्याने प्रत्येकाला आपापली गल्ली आठवणीतून काढायला लावली. मी मापांसकट नीटनेटका प्लॅन दिला. शशीने नुसता दारापुढचा ओटा काढला, त्यावर पाळी सुटलेले यंत्रमाग कामगार बसलेले. साहेबाने तो कागद भिंतीवर लावला.

मग वसाहतीच्या नकाशात घराघराच्या दाराशी, सावलीच्या बाजूला, ओटे आले. 'शशीज सीट्स' म्हणायचा साहेब. साइटवर जाताना गाडीत शशीलाच घ्यायचा. ऑफिसात सगळ्यांत स्वच्छ रेषा माझी होती हो, पण माझ्या नावाचं तिथे काहीच नव्हतं.

शेवटचे नकाशे कॉन्ट्रॅक्टरकडे जायच्या सुमाराला साहेब कायमचा इंग्लंडला परतला होता, आणि शशी लग्नासाठी गावी. ओटे कॉम्प्युटरमध्ये वेगळ्या लेयरवर, नकाशाच्या स्वतंत्र थरावर, होते. प्रिंट काढण्याआधी मी तो लेयर बंद केला. नकाशात जे नाही, ते साइटवर होत नाही.

शशी आला तोवर भिंती उठल्या होत्या. मी म्हणालो, "क्लायंटने काढायला सांगितलं."

त्याने समोरचा नकाशा गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "खलास. तू तरी काय करणार, बाबा?" वर मलाच चहा पाजला. वर्षभरात तो नोकरी सोडून गावी गेला.

गेल्या वर्षी मला त्याच वसाहतीत घर मिळालं. बायको, मुलगी आल्या. शेजारी गाडीतून उतरतात, दार लावून घेतात. नावं ठाऊक नाहीत. मुलगी म्हणते, "इट्स सो बोरिंग हिअर, बाबा." पाच वाजता दाराशी सावली पडते, साहेबाने आखली होती अगदी तिथेच. बायको तिथे उभी राहते, कुणी बोलेल म्हणून वाट बघते, पाय दुखले की आत येते.

तू हे तुझ्या ओट्यावर बसून वाचशील, शशी, आणि मला त्याचाही हेवा वाटतो. माझं घर आता हेच, मीच असं करून ठेवलेलं. क्लायंटने काहीच सांगितलं नव्हतं.